सुलोचनामावशीचा सल्ला

सुलोचनामावशी घराबाहेर पडताना कुलूप लावायची आणि आमच्या दाराशी येऊन आईला चार्ज द्यायची. "दूध तापवलंय, नळ गेलाय, मागची खिडकी उघडी हाय, मांजर येकदा येऊन गेली." दवाखान्यात ड्यूटी संपलेली नर्स पुढच्या नर्सला एकेका पेशंटचं सगळं सांगते आणि मगच निघते, त्याला चार्ज देणं म्हणतात. मावशीच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की नारायणगुड्याला भाजीला जायचं असलं तरी आईला तिच्या घराचा ताबा घ्यावा लागे. आई मान डोलवायची आणि लगेच विसरून जायची.

मावशी काही सख्खी नव्हे. ती परभणीकडची, आम्ही नांदेडकडचे. दोन्ही घरं बौद्ध. हैदराबादेत एका जिन्यावर समोरासमोर राहायला आलो आणि नातं जुळलं. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ती स्टाफ नर्स होती, माझे बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत कारकून. नवरा लवकर गेल्यामुळे मावशी एकटीच होती, आणि एकटं माणूस सहसा ठाम मतांचं असतं, असा माझा तोवर समज होता.

मी इंटर, म्हणजे बारावी, पास झाले तेव्हा सगळ्या शहराचंच डोकं फिरलेलं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागत होते, काचेच्या दारांचे खाजगी दवाखाने उभे राहत होते, आणि सरकारी नोकऱ्या आता संपल्या असं जो तो सांगत होता. डॉक्टरकीला माझे मार्क कमी पडले. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र जागा मिळत होती. घ्यायची की सोडायची, ते आठवड्याभरात कळवायचं होतं. ओळखीत नर्स एकच, म्हणून मी मावशीला विचारलं.

"घे बाई, डोळे झाकून घे," ती म्हणाली. "आम्ही डिप्लोमावाल्या जिंदगीभर वॉर्डात. डिग्रीवाली उद्या कॉलेजात शिकवंल, बाहेरदेशी जाईल."

दुसऱ्या दिवशी तीच जिन्यात मला अडवून म्हणाली, "नक्को घेऊ. नव्या दवाखान्यात विचारून आले मी. डिग्री काय न् डिप्लोमा काय, पगार येकच देतेत. मग चार वर्षं कशाला जाळायची?"

"मग कॉम्प्युटर करू?"

"त्याच्यातलं मला काय कळतंय, माय?"

तिसऱ्या दिवशी तिला कुणीतरी सौदीत नर्सना मागणी असल्याचं सांगितलं होतं, म्हणून पुन्हा होकार. रात्रपाळी करून आली की नकार आणि झोप झाली की होकार, असा काही नियम असेल म्हणून मी तिच्या पाळ्यांवर लक्ष ठेवलं. तर एकदा चांगली दुपारभर झोपून उठली आणि नको म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला. एवढी वर्षं ज्या कामात घालवली, ते चांगलं की वाईट हे माणसाला सांगता येऊ नये?

बाबांना मात्र काडीचा गोंधळ नव्हता. त्यांच्या मते डिग्रीवाली नर्स म्हणजे ऑफिसर. तिनं खुर्चीवर बसायचं आणि डिप्लोमावाल्यांकडून काम करून घ्यायचं. आमच्या लोकांचा तेव्हा डिग्रीवर असा विश्वास होता की ती एकदा मिळाली की हात कायमचे स्वच्छ. "पोरगी पेशंटला हात लावणार नाही ना, ताई?" असं त्यांनी मावशीला माझ्यादेखत विचारलं. मावशीनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "हौ भाऊ." त्या एका शब्दावर बाबांनी मला परवानगी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या वॉर्डात घेऊन गेली. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली, माझ्याहून जेमतेम मोठ्या, एका म्हातारीला कुशीवर वळवून तिचं अंग पुसत होत्या. एकीनं खालून बेडपॅन काढलं आणि झाकून बाहेर नेलं. मी नाकाला ओढणी लावली. तेवढ्यात त्या म्हातारीनं माझा हात घट्ट धरला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला समजलं नाही, पण हात सोडवून घ्यावासाही वाटेना.

"पाह्यलंस? हे असं असतंय," मावशी म्हणाली. "पहिल्या वर्षापासून."

"मग बाबांना हौ का म्हणालात?"

"तवाच खरं सांगितलं असतं तर तू हितवर आली असतीस का? पण आता सांगाया पाह्यजे. फसवून नाही पाठवायचं."

संध्याकाळी तिनंच बाबांना सांगितलं. बाबांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "माझ्या आजीनं गावाची घाण काढली, ताई. आईनं काढली. मी शिकलो आणि ते थांबलं. आता पैसे भरून, डिग्री घेऊन पोरीनं परत तेच करायचं?"

मला वाटलं, आता मावशी त्यांना सेवा, पगार, मान, काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "भाऊ, मलापण हेच वाटतंय. ड्यूटीवरून येताना रोज वाटतंय. सकाळी उठून परत जाते. कशापायी जाते, खरंच सांगता येत नाही. पगारासाठी म्हणावं तर तेवढंच नाही. पोरीला हौ म्हणते तवा खरं बोलते, नक्को म्हणते तवापण खरंच बोलते."

"मग मी काय करू?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"ते आता आम्हाला नको विचारू," बाबा म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

मी जागा घेतली. धाडसानं घेतली असं नाही. त्या म्हातारीचा हात सोडून कॉम्प्युटर शिकायला जाणं मला जमेना, एवढंच कारण मला अजूनही सापडतं. बाबांनी फी भरली. पण कॉलेजात काय शिकवतात, हे त्यांनी मला चारही वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाही.

पुढे मी त्याच दवाखान्यात नोकरीला लागले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मावशीला अर्धांगवायू झाला आणि तिला माझ्याच वॉर्डात आणलं. विद्यार्थिनींना ती जवळ येऊ देईना. वाचा अर्धीमुर्धी गेली होती, तरी त्यांच्या चुका काढायची. म्हणून तिचं सगळं मीच करायची, आणि मला ते आवडायचं, हे सांगायला लाज कसली?

एका दुपारी मी पडदा ओढून तिला स्वच्छ करत होते. बाबा भेटायला आले आणि पडद्याशी थबकले. इतक्या वर्षांत त्यांनी मला काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या हातात भरलेलं बेडपॅन होतं. मावशीनं शरमून तोंड फिरवलं. मलाही कुठे पाहावं कळेना.

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि ते भांडं माझ्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, राहू द्या, आया आहे."

"संडास कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. ते भांडं सांभाळत दोन्ही बाजूंच्या खाटांमधून गेले. मावशी डोळे मिटून पडून होती आणि डोळ्यांतलं पाणी कानाशी ओघळत होतं. बाबा परत आले तेव्हा भांडं धुतलेलं होतं आणि त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते.