मातेच्या घरी सुई नको

रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याकडे काचेचे दवाखाने उभे राहिले. पण ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी वस्तीत पोराच्या अंगावर कांजण्या उठल्या की हाक वनमालाबाईंनाच. तिथे कांजण्या होत नाहीत, माता येते. वनमालाबाई दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचायच्या, घरातली फोडणी बंद करायच्या, पाल्यानं वारा घालत मातेची गाणी म्हणायच्या. रेल्वेतल्या बाबूची ही बायको एरवी चारचौघींसारखी, पण त्या दिवसांत रुबाब काय सांगावा!

नातू स्वानंद शाळेत जायला लागला तेव्हा डॉक्टरांनी कांजण्यांची लस सुचवली. सून अनुश्रीला आठवा महिना होता. ती म्हणाली, "मम्मीजी, लगवा लेते हैं न. मुझे भी बचपन में माता नहीं आई. डॉक्टर बोल रहे थे, अभी घर में आनी नहीं चाहिए."

"काहून वं? आईले कोणी सुई दाखवून दारातून हाकलते का?" वनमालाबाई उसळल्या. "येऊन जाऊ दे एकदाची. लहानपणी आली का हलकी जाते."

मुलानं, निरंजननं, पेपरात तोंड खुपसलं. सून बिचारी एकटी किती बोलणार? लस राहिली ती राहिलीच.

थोड्याच दिवसांत गल्लीतल्या शेवंताच्या मुलीला माता आली. वनमालाबाई सेवेला गेल्या आणि स्वानंदलाही बोट धरून प्रसादाला घेऊन गेल्या. होऊन जाऊ दे!

स्वानंदला आली, आणि हलकीच गेली. वनमालाबाईंनी गल्लीभर गूळखोबरं वाटलं. ते वाटून होतं न होतं तोच अनुश्रीला ताप भरला, अंगभर फोड आले आणि त्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. तिच्याही अंगावर फोड उठले. कोवळा जीव तो, टिकला नाही. वनमालाबाई दवाखान्याच्या काचेबाहेर कडुलिंबाचा पाला घेऊन उभ्याच राहिल्या.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, "मातेची मर्जी." जळो ती मर्जी! मर्जी कुणाची चालली होती, ते वनमालाबाईंना पक्कं ठाऊक होतं. अनुश्री मात्र चहा वेळेवर आणून ठेवायची आणि तोंड फिरवून जायची. हिनं एकदा तरी शिव्या घालाव्यात, असं वनमालाबाईंना रोज वाटे.

पुढच्या फाल्गुनात शेजारची राधिका धावत आली. "काकी, चला न. मोठ्याले माता आली."

"अन् तान्हं?"

"त्याच्याच बाजूले झोपून आहे."

"उचल त्याले! दवाखान्यात ने आधी, आत्ताच्या आत्ता!"

"काकी, तुम्ही असं बोलून राहिल्या? मातेच्या घरी सुई नको, हे तुम्हीच शिकवलं न आम्हाले?"

"चूक शिकवलं वं. माझं ऐक, पाया पडतो तुझ्या."

"दुःखानं डोकं फिरलं काकींचं," असं पुटपुटत राधिका गेली आणि वनमालाबाईंच्याच हाताखाली मातेची सेवा शिकलेल्या विजयाबाईंना घेऊन आली.

संध्याकाळी त्या घरातून गाणी ऐकू येऊ लागली. चाल वनमालाबाईंचीच होती. त्या पळत गेल्या, दार ठोठावलं, राधिकाच्या नावानं हाका मारल्या. कुणी उघडलं नाही. माता घरात असताना अभद्र बोलणारीला दार उघडू नये, हेही त्यांनीच शिकवलेलं.