कुकरच्या वाटेवरची कळलावी

निवृत्त झाल्यावर वडिलांना झाडांचं वेड लागलं. एका श्रावणात ते पनवेलजवळच्या डोंगरावर फिरायला गेले आणि लाल-पिवळ्या, ज्वाळांसारख्या फुलांची एक वेल मुळासकट उपटून घेऊन आले. वेल जिन्यातल्या कुंडीत लावली आणि एक जास्तीचा कंद स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून दिला.

तळमजल्यावरचे सेक्रेटरी वेल पाहून दोन पायऱ्या मागे सरले. "अहो, ही कळलावी! दाराशी असली की भांडणं लागतात."

"कुठल्या नियमात लिहिलंय?" वडील म्हणाले.

रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग भरली. आमच्या बिल्डिंगमध्ये तोवर पाण्यावरूनसुद्धा कुणाचा आवाज चढला नव्हता. त्या दिवशी मात्र कळलावीमुळे भांडणं होतात की नाही, यावर दोन तास भांडण झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर खुर्चीच उचलली. शेवटी 'वेलीबाबत पोटसमिती' नेमून सभा संपली.

सोमवारी आईचा उपास. ती कुकरला रताळी लावत होती. तेवढ्यात रानभाज्या विकणाऱ्या कातकरी मावशी दारात टोपली टेकवून आत डोकावल्या आणि ओरडल्याच, "ते रताळं नाय, बाय! कळलावीचा कंद हाय. इख हाय ते, इख!"

आईच्या हातातून झाकण पडलं. वडील धावत आले, पांढरेफटक झाले. तरी वाद घालायची सवय जाईना. "मग गौरीला हीच फुलं तुम्ही बाजारात आणता ना?"

"फुलं आनतो. कंद नाय काडत. तो काडला तर फुडच्या वर्साला ती येल कशी? आनि तुमी तिला जिन्यात आनून ठेवली!"

आयुष्यभर सगळ्यांना कायदा शिकवणाऱ्या वडिलांनी रताळ्यांतून तो कंद उचलून कागदात गुंडाळला.

वेल परत न्यायचं ठरलं. हे काम पोटसमितीच्या अखत्यारीत येतं म्हणून सेक्रेटरी आणि खुर्चीवाले काकाही निघाले. तिघं ज्येष्ठ नागरिक मांडीवर कुंडी घेऊन रिक्षात, आणि मावशींना मागे बसवून मी स्कूटरवर.

डोंगराच्या पायथ्याशी मावशींनी जागा दाखवली. तिघांनी खड्डा खणला. "कंद आडवा ठेवायचा की उभा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ठेवा कसाबी. तिला म्हाईत हाय."

माती सारून झाल्यावर वडिलांनी वेलीला हात जोडले. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," ते गंभीरपणे म्हणाले. बाकीच्या दोघांनीही माना झुकवल्या.

मावशींनी तोंडाला पदर लावला. मलाही हसू फुटत होतं, पण वडिलांचे हात अजून जोडलेलेच होते.

"आता हात धुवा," मावशी म्हणाल्या. "चांगला साबन लावून."