नाण्यावरचे आजोबा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बीए, इतिहास. लोक म्हणाले, इतिहासाचं काय लोणचं घालणार? पुढे ओमानमध्ये, निझवाच्या बाजारात चांदीच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो, तरी बीए असल्याचं मी गिऱ्हाइकांनाही सांगायचो. त्यामुळे मालक, म्हणजे माझा अर्बाब, मला 'दुक्तूर', म्हणजे डॉक्टर, म्हणून चिडवायचा.

एका सकाळी त्याची आई दुकानात आली, आणि तिच्यामागून मस्कतला राहणारा तिचा धाकटा मुलगा. म्हातारीने गळ्यातला हार काढून काचेवर ठेवला. मधोमध एक झिजलेलं नाणं ओवलेलं होतं. पुरुषाचा एका बाजूने दिसणारा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट.

"हे माझे आजोबा," ती म्हणाली. "आणि हा म्हणतो, विकू या."

"दुक्तूर, वाच," धाकटा म्हणाला. "एकदाचं हिला कळू दे."

नाणं मी लगेच ओळखलं. आमच्या पुस्तकात त्याचा फोटो होता. मिरीच्या व्यापारात अशी नाणी रोमहून आपल्या किनाऱ्यापर्यंत यायची. हा रोमचा सम्राट आहे, असं मी माझ्या बाजारी अरबीत स्पष्ट सांगितलं.

"मग हे नाक बघ," म्हणत म्हातारीने दोन्ही मुलांना दाराच्या उजेडात एका बाजूने वळवून उभं केलं. नाक तेच होतं. मी शिकलेला माणूस, पण दिसतं ते दिसतं.

मी नाणं उलटलं. मागे दोन तरुण उभे, मध्ये ढाली आणि भाले. "सम्राटाचे नातू. त्याने दत्तक घेतलेले."

"माझे वडील आणि काका. डावीकडे काका."

अर्बाबने भिंग लावून आईला सांगितलं, "काका उजवीकडे असतील, उम्मी. उंच आहे तो."

"उंच तुझे वडील होते," धाकटा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मग चिडून मला म्हणाला, "कडेचं वाच. यल्ला."

अक्षरं इंग्रजीचीच, फक्त 'यू'च्या जागी 'व्ही'. अर्थ मला पाठ होता: देवाचा मुलगा, देशाचा पिता. हे ऐकल्यावर पाच वेळा नमाज पढणारी ही बाई नाणं गळ्यात ठेवणार नाही, आणि ते थेट धाकट्याच्या खिशात जाईल, हे मला दिसत होतं. पण बीए होऊन अर्धंच वाचायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी सगळं वाचलं.

"अस्तगफिरुल्ला," अर्बाब अल्लाची माफी मागत पुटपुटला.

धाकट्याने हात पुढे केला. "खलास, उम्मी. स्वतःला देवाचा मुलगा म्हणवणारा माणूस आपल्या घरातला असेल का?"

म्हातारीने नाणं डोळ्यांजवळ नेलं.

"आजी सांगायची," ती म्हणाली, "बढाया मारायची फार खोड होती त्यांना. बाजारात लोक तोंडावर हसायचे."

तिने हार परत गळ्यात घातला. धाकटा मान वळवून दाराबाहेर बघत राहिला, नाण्यावरच्यासारखा एका बाजूने. म्हातारीने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली.