विमानाची वेळ

चांगदेव अहिरे यांनी एकोणीस वर्षं एका आगीची वाट पाहिली आणि ती एकदाही लागली नाही. विमानतळावरच्या अग्निशमन सेवेत याहून मोठं भाग्य नाही, असं ते सांगत. त्यांच्या पत्नीला, रमाबाईंना, मात्र ते ऐकून हसू यायचं. "रोज नवरदेवासारखे नटून बसता आणि वरात काही निघत नाही," त्या म्हणायच्या.

चांगदेवांचा जन्म खडवलीचा. वडील रेल्वेत गँगमन. पहिली नोकरी कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात, तिथल्या आग विझवणाऱ्या पथकात. मग परीक्षा देऊन विमानतळाच्या सेवेत लागले. शेवटची साडेबारा वर्षं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, एका लहानशा विमानतळावर गेली. रमाबाई आणि मुलगी पायल ठाकुर्लीलाच राहिल्या, कारण पायलचं शिक्षण इथे होतं आणि तिथे शेतांशिवाय काही नव्हतं.

त्या विमानतळावर दिवसाला एकच विमान यायचं, एकोणीस आसनांचं. दोन पन्नासला उतरायचं, तीन पंधराला उडायचं. बाकी दिवसभर धावपट्टीवर टिटव्या. पण विमान छोटं म्हणून तयारी मनाला येईल तशी चालत नाही. विमानाच्या लांबी-रुंदीवरून पाण्याचा, फोमचा आणि गाडीचा हिशेब ठरलेला असतो. आत एकोणीस माणसं बसलेली असोत नाहीतर एक, तो बदलत नाही. घंटा वाजल्यापासून तीन मिनिटांच्या आत गाडी धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचून फोम मारायला लागली पाहिजे. चांगदेव दोन मिनिटं दहा सेकंदांत पोचत. अडीच वाजता ते जाड सूट चढवून गाडीत बसत आणि साडेतीनला उतरत, म्हणजे विमान उडाल्यावरही पंधरा मिनिटांनी, कारण काही बिघडलं तर विमान माघारी फिरतं ते बहुधा तेवढ्याच वेळात.

पहिल्याच वर्षी पायलला ताप भरला म्हणून रमाबाईंनी पावणेतीनला अग्निशमन ठाण्यावर फोन केला होता. चांगदेव खाली उतरून बोलत असतानाच नेमकी सरावाची घंटा झाली आणि परत गाडीत चढेपर्यंत सत्तर सेकंद गेले. तीन मिनिटं वीस सेकंद. साहेबांनी सगळ्यांसमोर घड्याळ दाखवलं. चांगदेवांनी तो राग फोनवर रमाबाईंवर काढला.

"विमानाच्या वेळी फोन करायचा नाही. घर जळत असलं तरी नाही!"

"अहो, घर जळत असलं तर आग विझवणाऱ्यालाच करतात ना फोन?" रमाबाई म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी कधी केला नाही. अडीच ते साडेतीन त्या तांदूळ नाहीतर भाजी निवडत घड्याळासमोर बसत. साडेतीनला चांगदेव लॉकरमधून मोबाइल काढून फोन लावत. "उडालं गं." "उडालं ना? मग चहा घ्या आता." तिकडे ते चहा घेत, इकडे त्या. अकरा वर्षांत नवराबायको एकत्र राहिली थोडी, पण चहा रोज एका वेळी घेतला.

मंगळवार, १४ मार्च २०२३. सकाळच्या तपासणीत गाडीचा फोम पाण्यात मिसळेना. ठाण्यावर गाडी एकच. चांगदेवांनी रजिस्टर उघडलं तेव्हा त्यांचा जोडीदार सुशांत समोर येऊन उभा राहिला.

"दादा, नका ना लिहू. आज नऊच पॅसेंजर आहेत. आमच्या गावच्या वडाप जीपमध्ये याच्यापेक्षा जास्त बसतात."

"वडापला आग लागली तर दार उघडून उडी मारता येते रे."

"अकरा वर्षांत कधी लागली का पण?"

"म्हणून तर लिहितोय," चांगदेव म्हणाले आणि त्यांनी गाडी नादुरुस्त असल्याची नोंद केली. अकरा वाजेपर्यंत त्या दिवसाचं विमान रद्द झालं.

रमाबाईंना लगेच कळवावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण म्हटलं, साडेतीनलाच सांगू, गंमत होईल. "आज उडालं नाही गं, कारण आलंच नाही." वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. दोन वाजता जिल्ह्याच्या गावाहून मेकॅनिक आला. त्याच्याबरोबर चांगदेव गाडीखाली शिरले. अडीचला ते बाहेर आले, हात पुसले आणि मोबाइल लॉकरमध्ये ठेवून किल्ली फिरवली.

सुशांत हसला. "दादा, विमान कुठाय?"

चांगदेवही हसले. "सवय रे." पण फोन काही पुन्हा बाहेर काढला नाही. परत गाडीखाली गेले.

त्याच सुमाराला ठाकुर्लीत रमाबाई मेथी निवडत होत्या. शेजारची जागृती वाटीभर साखर मागायला आली, तर त्या घामाने भिजलेल्या, डावा हात धरून बसलेल्या.

"काकू, काय होतंय? चला, दवाखान्यात जाऊ."

"पित्त असेल गं. बस जरा."

"मग काकांना तरी लावते फोन."

"नको नको. विमानाची वेळ आहे. साडेतीनला त्यांचाच येईल, तेव्हा विचारू."

जागृतीने दोनदा, तीनदा म्हटलं. रमाबाई ऐकेनात. नवऱ्याने सांगितल्याशिवाय त्यांनी कधी डॉक्टरचा उंबरा ओलांडला नव्हता आणि चांगदेवांनी एक शब्द टाकला असता तर त्या चपला घालायला उठल्या असत्या. तीन वीसला त्या बसल्या जागी कलंडल्या. मेथीचं ताट पालथं झालं. जागृतीने रिक्षा बोलावली, दोघातिघांनी उचलून आत घातलं.

साडेतीनला चांगदेवांनी फोन लावला. पलीकडे उचलला गेल्याबरोबर ते हसतच म्हणाले, "आज उडालं नाही गं..."

"काका, मी जागृती बोलतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते ठाकुर्लीला पोचले. तोवर अंत्ययात्रेसाठी सगळे थांबले होते. रमाबाईंच्या बोटांना मेथीचा हिरवा रंग होता, तो कुणी पुसला नव्हता.

रमाबाईंसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी जागृतीने पायलला सगळं सांगितलं, विमानाची वेळ म्हणून काकूंनी फोन करू दिला नाही तेही. पायल बराच वेळ रडली. मग वडिलांजवळ येऊन बसली.

"पप्पा, किती माणसं होती त्या दिवशी विमानात?"

"नऊ," चांगदेव म्हणाले. रजिस्टरमध्ये नऊच होती.

"आईला माहीत होतं ना, तुमच्या हातात लोकांचे जीव असतात ते." पायलने डोळे पुसले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते नऊचा आकडा धरून पोरगी पुन्हा जेवायला लागली, ठाणे शहरात कामावर जायला लागली. तो कसा काढून घ्यायचा? चांगदेव गप्प राहिले, वर्ष झालं तरी गप्पच राहिले.

३० नोव्हेंबर २०२४ला ते निवृत्त झाले. पंधरा डिसेंबरच्या रविवारी बुद्धविहारात त्यांचा छोटासा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ. पायल बोलायला उभी राहिली.

"माझ्या आईनं नऊ अनोळखी माणसांसाठी स्वतःचा फोन थांबवला. ती नऊ माणसं आज कुठे असतील, माहीत नाही. पण ती आहेत."

बायका पदराने डोळे टिपू लागल्या. चांगदेवांनी शालीचं टोक घट्ट धरून ठेवलं.

घरी येताच त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "पायल, ती नऊ माणसं आलीच नव्हती. त्या दिवशी विमान नव्हतं. मीच सकाळी बंद पाडलं होतं. मी गाडीखाली मेकॅनिकला पाने देत होतो. फोन लॉकरमध्ये होता, उगाच. नुसत्या सवयीनं."

पायल हातातला पुष्पगुच्छ ठेवता ठेवता थांबली.

"म्हणजे आई... कशासाठी थांबली?"

पायल आत गेली. नळ सुरू झाल्याचा आणि भांडी आदळल्याचा आवाज आला. भांडी सकाळीच घासून झाली होती. रात्री तिने त्यांचं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. सोमवारी सकाळी काही न बोलता कामावर गेली.

दुपारी चांगदेव स्वयंपाकघरात, रमाबाईंच्या जागेवर, घड्याळासमोर बसले होते. दोन चाळीसला फोन वाजला. त्यांचा हात पुढे होईना. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात, या वेळेला तो फोनकडे जातच नव्हता. शेवटच्या घंटीला त्यांनी तो उचलला.

"पप्पा."

"काय झालं गं?"

"काही नाही." मागे तिच्या ऑफिसचा गलका होता. "उचलता का, ते बघायचं होतं."

चांगदेवांना रडू आवरेना. तिने फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजायला अजून अवकाश होता.