धोतराचं बिऱ्हाड

त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या धोतराला मात्र चांगली ओळखते.

यवतमाळच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा घर मिळेना. मी एका मास्तरीणबाईंच्या धान्याच्या कोठीत झोपायची आणि लेकरं उमरखेडला आईकडे. शाळेच्या वाटेवर एक चार खोल्यांचं बंद घर होतं. त्याचा मालक रोज सकाळी यायचा, घडीचं कोरडं धोतर विहिरीवर भिजवायचा, अंगणातल्या दोरीवर टाकायचा. काठ ओढून सरळ करायचा, मागे सरून बघायचा आणि दाराचं कुलूप चाचपून निघून जायचा. त्या काळी रिकामं घर सरकारला कळवावं लागे. मग सरकार त्यात भाडेकरू ठेवी आणि भाडंही सरकारच ठरवी. ते चुकवायला हे सोंग! चौकशीला आलेला शिपाईही फाटकातूनच धोतर पाहून परत जायचा.

शेवटी एकदा मी म्हटलं, "काकाजी, घर रिकामंच हाय तं मले द्या ना भाड्यानं. लेकरं आणाची हायत."

त्याला केवढा अपमान वाटला! "रिकामं कुठी हाय बाई? धोतर वाळून राह्यलं ना, दिसत नाही काय तुमाले?"

दिसत होतं. कोठीत ऊन येत नसे, म्हणून मी दमट पातळ नेसून उभी होते. समोर ते धोतर अंगणभर ऊन खात होतं. ते आजवर कुणी नेसलंही नव्हतं, पण यवतमाळात त्याला राहायला घर होतं.