अक्काच्या बिननावाच्या गोळ्या

माझी थोरली बहीण, आमची अक्का, पाथर्डी तालुक्यात दिलेली. ती आणि दाजी दर हिवाळ्यात ऊस तोडायला कारखान्यावर जायचे. निघण्याआधी ती केडगावला माझ्याकडे येऊन जायची. एका वर्षी आली ती गाल गोल झालेले, चेहरा भरलेला.

"अक्का, अंग धरलंस गं!" मी म्हणाले.

आयुष्यभर काटकुळी राहिलेली माझी बहीण लाजून हसली. "आता गुडघं दुखत न्हाईत. भूक बी लई लागती. आमच्या डाक्टरच्या हाताला गुण हाय."

मलाही आनंद झाला.

उन्हाळ्यात कारखान्यावरून परतली आणि पाण्याचा हंडा उचलताना मटकन खाली बसली ती उठेचना. दाजींनी जीपमध्ये आडवी घालून तिला नगरला आणलं. मणका दबला होता, शुगर वाढली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चालू गोळ्या मागितल्या. अक्कानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत सुट्या गोळ्या, कशावरही नाव नाही.

"चेहऱ्याची सूजच सांगतेय, स्टेरॉइड आहे," डॉक्टर म्हणाले. "हाडं पोखरली यानं. इतके दिवस कशाला खाल्ल्या?"

"डाक्टरनंच दिल्या की."

"कुणी काहीही देईल, तुम्ही खाल?"

अक्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चोरी पकडल्यासारखी पडून राहिली. जुन्या गोळ्या एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू, एवढंच सांगून डॉक्टरांनी लांबलचक चिठ्ठी माझ्या हातात दिली. कुठली गोळी कशासाठी हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

मी तडक अक्काच्या गावच्या डॉक्टरकडे गेले. बाहेर ओट्यावर बायामाणसं दाटीनं बसलेली. डॉक्टर एकाला इंजेक्शन देत होते. मी अक्काचं सगळं सांगत राहिले, त्यांचा हात थांबला नाही.

"मॅडम, यांना उद्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची असते," ते शांतपणे म्हणाले. "मी आराम करा म्हटलं, तर हे पलीकडच्या गावातल्या डॉक्टरकडं जातील. तिथं याच गोळ्या मिळतात."

"पण काय देताय ते तरी सांगायचं होतं तिला."

त्यांनी पुढची सुई भरायला घेतली. ओट्यावरची एक बाईच मधे बोलली. "ताई, भांडू नका. ह्यांनी दवाखाना बंद केला तर आमी कुठं जायचं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिथं परकी होते ती मीच. तशीच परत फिरले.

गोळ्या कमी होत गेल्या तसे अक्काचे गुडघे पुन्हा दुखू लागले. जिना तर सोडाच, उंबरा ओलांडतानाही ती विव्हळायची. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोघांची जोडी, एकट्या माणसाला टोळीचा मुकादम घेत नाही. दसरा झाल्यावर दाजी आपल्या विधवा भावजयीला जोडीला घेऊन गेले. सगळेच तोडीला गेल्यानं वस्ती रिकामी झाली. कमरेला पट्टा बांधून अक्का एकटी मागे राहिली.

मी भेटायला गेले तेव्हा ती दारात बसली होती. नव्या गोळ्या वेळेवर घेतेस ना, म्हणून मी विचारलं.

"घेते की," ती म्हणाली. मग रिकाम्या वस्तीकडे बोट दाखवलं. "पर खरं सांगू का बाय, त्या जुन्याच बऱ्या हुत्या. माणसात तरी हुते मी."