जपानीतलं ‘विचार करून राहिलो’

वऱ्हाडानं पाणी मागितलं होतं. आमच्याकडे ‘ण’चे लाड कुणी करत नाही, म्हणून ‘पानी’ मागितलं. वर बसलेल्यांना एक अक्षर जास्तीचं ऐकू आलं असावं. त्यांनी जपानी दिलं.

हे वाक्य माझंच. अमरावतीच्या बसस्टँडवर आमच्या संघटनेनं वाटलेल्या पत्रकात ते ठळक छापलं होतं. वाटून झालं आणि मी विद्यापीठात जाऊन त्याच जपानीच्या वर्गाला नाव घातलं. एम. ए. संपलं होतं, होस्टेलची खोली जाणार होती, आणि कुठल्यातरी अभ्यासक्रमात नाव असल्याशिवाय खोली मिळत नव्हती. खोली गेली असती तर घरी बाळापूरला जावं लागलं असतं, आणि तिथं आई माझ्यासाठी स्थळं पाहत बसली होती. क्रांतीला निवारा लागतो, तो मला जपाननं दिला.

त्या वर्षांत वऱ्हाडात पिकत काही नव्हतं, समित्या मात्र भरघोस यायच्या. पांढऱ्या गाड्यांतून उतरायच्या, बांधावर उभ्या राहायच्या, शेतकऱ्यांचं मनोबल वाढवलं पाहिजे असं एकमेकांना सांगायच्या आणि जेवायला विश्रामगृहावर जायच्या. आपणही काहीतरी केलं पाहिजे असं विद्यापीठाला वाटलं, आणि ‘जपानी भाषा व संस्कृती’ हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघाला. उद्घाटनाला एक पाहुणे म्हणाले, “जपान राखेतून उभा राहिला, मग वऱ्हाड का राहणार नाही?” राखेची सोय आमच्याकडे गावोगाव रोज होत होती, एवढं त्यांचं बरोबर होतं.

शिकवायला पुण्याहून मॅडम यायच्या. बाई हुशार, कामाला चोख. संस्कृतीच्या तासाला त्यांनी आम्हाला वाकायला शिकवलं: बरोबरीच्या माणसापुढं किती, साहेबापुढं किती, माफी मागताना किती. साहेबापुढं वाकण्याची तालीम देणारा वर्ग सरकारी खर्चानं काढायची गरज होती का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या पाठीत अजून ताठरपणा आहे.” चहाचा जपानी विधीही झाला. हिरव्या चहाची पूड आली नव्हती, म्हणून रिकामा कप दोन्ही हातांनी फिरवून पिण्याचा अभिनय केला. रिकामं भांडं तोंडाला लावून समाधान दाखवायचं होतं. वर्गात कुणालाच ते अवघड गेलं नाही.

खरं भांडण मात्र व्याकरणावरून झालं.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘तबेते इमास’. “म्हणजे, खातो आहे किंवा खात आहे.”

मी हात वर केला. “मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, ‘तबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘इमास’ म्हणजे असणं, राहणं? मग हे ‘खाऊन राहिलो’ झालं. आमी बोलतो तसंच.”

“प्रमाण मराठीत सांगा. ‘खाऊन राहिलो’ म्हणजे काय? खाऊन झाल्यावर राहिलात कुठे?”

“होस्टेलात.”

वर्ग हसला, मॅडम नाही हसल्या. जपानी माणूस जन्मापासून वऱ्हाडी बोलतो आणि त्याला कुणी हसत नाही. आम्ही वऱ्हाडी बोललो तर आधी पुण्याचं मराठी शिका, मग जपानी. एका प्रमाणपत्रात दोन परक्या भाषा.

पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, “जपानी माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. तो मान तिरकी करतो, दातांतून हवा आत ओढतो आणि म्हणतो, ‘केन्तो शिते इमास’. केन्तो म्हणजे विचार. हे ऐकलंत की नकार समजायचा. परीक्षेला येईल. प्रमाण मराठीत याला नेमका शब्द नाही.”

प्रमाण मराठीत नसेल. मी शब्दाला शब्द लावला. केन्तो, विचार. शिते, करून. इमास, राहिलो. विचार करून राहिलो!

हे वाक्य मला जपानी शिकण्याआधीपासून पाठ होतं. बाळापूरला आमच्या घरी जे जे पाहुणे मला पाहायला आले, त्या सगळ्यांनी पोहे संपवले, चहा संपवला, पोरगी मोर्च्यात घोषणा देते हे कुठूनतरी ऐकलं, आणि मग निरोप धाडला, “आमी विचार करून राहिलो.” हा निरोप आला की वऱ्हाडात कुणी पुन्हा विचारायला जात नाही. आई चांगले कप पुसून कपाटात ठेवून द्यायची, बस.

जानेवारीत जपानचे पाहुणे आले. संत्र्याचा रस करणाऱ्या तिकडच्या एका कारखान्याचा माणूस आमची संत्री बघायला येणार, अशी धामधूम उठली. शेत निवडलं शेंदूरजनाघाटचं, आणि ते निघालं माझ्या मामाचं. वशिला माझा नव्हता, डांबरी रस्त्याचा होता. पाहुण्याला घेऊन येणाऱ्या सरकारी साहेबांना चिखलातून चालावं लागत नव्हतं. मॅडमना दुभाषी म्हणून आणि आम्हा विद्यार्थ्यांना वाकायला नेलं होतं.

मामाची झाडं तेव्हा ताणावर होती. म्हणजे पाणी तोडून ठेवलेलं. ताण दिलेल्या झाडाला पाणी सोडलं की ते फुलतं, आणि मग फळ निघेपर्यंत त्याला पाणी पुरवावंच लागतं. शेजारच्या वावरात गहू उभा होता, तोही पाणी मागत होता. विहिरीत जे होतं ते दोघांतल्या एकालाच पुरणार होतं. संत्रा घेणारा कुणी असेल तर संत्र्याला, नाहीतर गव्हाला. मामा दोन दिवस याच जपान्यासाठी थांबला होता.

पाहुणा चांगला होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मागच्या बहराची राहिलेली संत्री त्यानं हातात घेतली, वास घेतला, नीट सोलून खाल्ली, गोड आहे म्हणाला. साहेब असे खूश झाले की संत्रा त्यांनीच प्रसवला असावा. शेतातल्या मांडवात भाषणं सुरू होणार तेवढ्यात मामा उभा राहिला.

“साहेब, त्यायले इचारा, घेता का नाही? तेवढंच सांगा. मले पानी कुठं सोडू ते पाहा लागते.”

मॅडमनी ते जपानीत इतकं लांब आणि इतकं मऊ करून सांगितलं की त्यातून मामा गळूनच गेला. पाहुण्यानं मान तिरकी केली. दातांतून हवा आत ओढली. मग म्हणाला, ‘केन्तो शिते इमास.’

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी साहेबांकडं पाहिलं. आणि माइकवर सांगितलं, “पाहुणे आपल्या संत्र्याबाबत अत्यंत सकारात्मक विचार करीत आहेत.”

मांडवात टाळ्या पडल्या. साहेब पत्रकारांकडं वळून म्हणाले, “नक्कीच समजा.” ज्या बाईनं फळ्यावर लिहून मला हा नकार शिकवला होता, तिनंच तो गोड करून विहिरीत सोडला.

मामानं टाळी वाजवली नाही. त्यानं मला हाक मारली. “तू सांग वं माय. काय म्हनला तो? मिरची लागल्यावानी काहून केलं त्यानं?”

साहेब म्हणाले, “अहो, मॅडमनी सांगितलं ना आत्ता.”

मी मोठ्यानं सांगितलं, “मामा, विचार करून राहिलो म्हणते.”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “मंग सरळ नाही म्हन ना लेका!” आणि मांडव हसला. मामा पण हसला. “तुह्या पाहुन्यायवानीच हाये हा,” मला म्हणाला आणि खाली बसला. पाहुण्याला वाटलं त्याचं कौतुक चाललंय, तो वाकला. बरोबरीच्या माणसापुढं वाकतात तेवढा.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, “तुम्ही चुकीचं भाषांतर केलंत.”

“कोणता शब्द चुकला, मॅडम?”

वरूड मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, “अभ्यासक्रम पुढच्या वर्षी चालायला हवा असेल तर अशा वेळी गप्प बसावं लागतं.”

त्या गप्प बसल्या होत्या, तरी अभ्यासक्रम चालला नाही. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं विचारायला गेले तर खिडकीतला कारकून म्हणाला, “विचाराधीन आहे.” हे सरकारी जपानी. मला आता भाषांतर लागत नव्हतं, मी खोली रिकामी करायला घेतली.

मामानं दुसऱ्याच दिवशी पाणी गव्हाला सोडलं. त्याच्या दोन दिवसांनी अमरावतीच्या पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, वऱ्हाडचा संत्रा जपानला निघाला. मांडवात असलेल्यांनी बातमी वाचून कागद भेळेला दिला. पण मांडवात सगळं गाव नव्हतं. ज्यांनी फक्त पेपर वाचला, त्यांनी झाडांचा ताण तोडून पाणी सोडलं. बाग फुलली, फळ धरलं, उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि सगळं फळ गळून पडलं. त्याची बातमी आली नाही. तेव्हापासून मी पत्रकात ‘सकारात्मक’ हा शब्द शिवी म्हणून वापरते.

मे महिन्यात सामान बाळापूरला टाकून मी शेंदूरजनाघाटला गेले. पाण्यावाचून वाळलेली झाडं तोडून मामाच्या शेतात संत्र्याच्या जागी नुसती खोडं राहिली होती. मामा ओसरीत जेवत होता.

“काय करून राहिले मामा?”

“गहू खाऊन राहिलो,” तो म्हणाला. “बस, तू पन खा.”

मामीनं माझं ताट वाढलं. पोळ्या चुलीवरून थेट येत होत्या. चुलीत संत्र्याचं लाकूड होतं. वास अजून येत होता.